जाळपट्टा पेटवाल तेव्हा वेळही नोंदवा

प्रति,
महाराष्ट्राच्या वनखात्यातील वरिष्ठ अधिकारी, तसेच सह्याद्रीतल्या प्रत्येक परिक्षेत्राचे वनाधिकारी, वनपाल आणि वनरक्षक यांस

स.न.वि.वि.

दिवाळी सरली की आमच्या डोंगरावरचे गवत रंग बदलते. आधी शेंडे तांबूस होतात, मग पाते पिवळे पडते आणि संक्रांतीच्या सुमारास सगळा उतार वाळक्या कुसळीने भरून जातो. त्याच दिवसांत तुमची माणसे जाळपट्टे घ्यायला निघतात. रस्त्याच्या कडेने, गावाच्या शिवेवर, रोपवनाभोवती एक पट्टा मुद्दाम जाळून काळा करतात. पुढे शिमग्यात वणवा आलाच तर तो तिथे अडावा, हा हेतू. हे पत्र त्या दिवसांबद्दल आहे. यंदा जाळपट्टा पेटवताना काडेपेटी आणि हिरव्या डहाळ्यांसोबत एक घड्याळ, एक तराजू आणि हातात धरायचा एक वारामापक न्यावा, आणि आग किती वेळात किती अंतर गेली ते लिहून ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

एवढ्यासाठी खुले पत्र कशाला, असे कोणाला वाटेल. पण या नोंदीवाचून एक मोठे काम अडले आहे. वणवा कुठून कुठे, किती वेगाने जाईल हे संगणकावर आधी मांडून पाहण्याची विद्या जगात पन्नास वर्षांहून जुनी आहे. तिच्यासाठी लागणारे संगणक आज आपल्या प्रत्येक महाविद्यालयात आहेत. डोंगरांच्या उंचीचे नकाशे फुकट मिळतात. गणित जमणारी मुले गावोगावी आहेत. सह्याद्रीतल्या गवताची आणि त्या गवतातून धावणाऱ्या आगीची मोजमापे मात्र मी शोधायला गेले तेव्हा मला कामापुरतीही मिळाली नाहीत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. माहेर जावळी खोऱ्यात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. काही वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका रविवारी भर दुपारी गावामागच्या डोंगराला वणवा लागला. आम्ही चौदा-पंधरा जण निरगुडीच्या डहाळ्या घेऊन निघालो. सोबत गावातले एक वयस्क वनमजूर होते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. आग सोंडेच्या खालच्या अंगाला होती, ज्वाळा गुडघ्याएवढ्या. आम्ही नाळेच्या, म्हणजे उतारावरच्या अरुंद घळीच्या, वरून जाऊन तिला समोरून अडवायचे ठरवले. तात्यांनी आम्हाला जागच्या जागी थांबवले. "वर चढू नगा. तीन वाजलं की वारा खिंडीतनं फिरतो, मग ही नाळ धुराडं हुती."

तीन वाजून दहा मिनिटांनी आग नाळेच्या तोंडाशी आली. साडेतीन व्हायच्या आत ती माथ्यावर होती. नाळेत जे गवत होते ते जळताना दिसलेसुद्धा नाही. खालून एक मोठा श्वास घ्यावा तसा आवाज झाला आणि पुढच्या क्षणी वरचा आडवा टप्पा पेटला. माथ्यावरचे रोपवन गेले, तीन पावसाळे जगलेली जांभळं, हिरडे, आवळे गेले. आम्ही नाळेच्या वर असतो तर आम्हीही गेलो असतो. त्या दिवसाचा विचार मी आजही भीतीशिवाय करू शकत नाही.

त्याआधीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी वणव्याच्या प्रसाराचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. डोंगराचे तीस-तीस मीटरच्या चौकटींत तुकडे करायचे. प्रत्येक चौकटीला तिचा चढ, तिचे गवत आणि तिचा वारा द्यायचा. एक चौकट पेटली की शेजारची किती मिनिटांनी पेटेल याचा हिशोब करायचा आणि पुढे पुढे जात राहायचे. वणवा विझल्यावर त्याच आठवड्यात मी तोच डोंगर संगणकावर पेटवला. उत्तर आले की आग नाळेतून जाणारच नाही, सोंडेवरून जाईल आणि संध्याकाळी सातच्या सुमारास माथा गाठेल. वेळेत साडेतीन तासांची चूक झाली होती, आणि वाटही चुकली होती.

ही चूक कुठून आली हे शोधायला मला पुढचे अख्खे वर्ष लागले. जे सापडले ते तुम्हाला सांगायलाच हवे, कारण उद्या कोणीही सह्याद्रीसाठी असे मॉडेल करायला घेतले तरी त्याच तीन जागी अडखळेल.

पहिली जागा कड्याची. आपला डोंगर हा लाव्हाच्या थरांचा. उतार, मग उभा कातळ, मग पुन्हा उतार, अशा पायऱ्या. गवतातली आग कातळाशी येऊन थांबते आणि वाट शोधत नाळेकडे सरकते. पण फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने मोजलेल्या उंचीच्या ज्या नकाशावर जगभरची माणसे काम करतात, त्याची एक चौकट तीस मीटरची. इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावर मिळणारा आपल्या कार्टोसॅट उपग्रहाचा उंचीनकाशाही साधारण तेवढाच. वीस मीटरचा उभा कडा अशा एका चौकटीत विरघळून जातो आणि संगणकाला तिथे नुसता तीव्र चढ दिसतो. चढावर आग वेगाने धावते हे त्याला शिकवलेले असते. म्हणून जिथे खरी आग अडते तिथेच संगणकातली आग सर्वांत जोरात पळते. मी गावाच्या डोंगराचे कडे हाताने नकाशावर रेखले, तेव्हा कुठे संगणकातली आग नाळेत शिरली.

दुसरी जागा वाऱ्याची. हवामानाच्या अंदाजातला वारा जमिनीपासून दहा मीटर उंचीचा असतो आणि बऱ्याच मोठ्या प्रदेशाचा मिळून एक असतो. गवताच्या ज्वाळेला लागणारा वारा खालचा, उघड्या माळावर तो वरच्या वाऱ्याच्या साधारण एक तृतीयांश धरतात. पण खिंडीत तोच वारा दाटून दुप्पट होतो. शिवाय दुपारनंतर कोकणाच्या अंगाने समुद्रावरून येणारे वारे घाट चढतात आणि दिशा बदलते. तात्यांना हे तीस-चाळीस वर्षांच्या फिरण्याने ठाऊक होते. माझ्या प्रोग्रॅमला ते कोणी सांगितलेच नव्हते. तीन वाजता दिशा बदलणारा वारा मी त्यात घातला आणि चूक साडेतीन तासांवरून तासावर आली.

उरलेला तास गवताचा. इथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण माझी विनंती इथूनच निघते.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात ५ ऑगस्ट १९४९ रोजी मॅन गल्च नावाच्या घळीत वणवा विझवायला गेलेले तेरा जण मेले. उतार गवताचा होता आणि आग त्यांच्यामागून चढावर आली. त्यांच्या म्होरक्याने समोरचे गवत स्वतःच पेटवले, जळून काळ्या झालेल्या जागेत तो पालथा पडून राहिला आणि वाचला. बाकीच्यांना ती युक्ती कळली नाही, ते चढावर पळत राहिले. या घटनेनंतर, १९६० मध्ये, त्याच राज्यात मिझुला गावी आगीची प्रयोगशाळा उभी राहिली. रिचर्ड रॉथरमेल हे मूळचे विमानविद्येचे अभियंते तिथे आले आणि वाऱ्याच्या बोगद्यात काड्या आणि गवत जाळून मोजत राहिले. १९७२ मध्ये त्यांनी जे समीकरण मांडले त्यावर आजची बहुतेक मॉडेले उभी आहेत. ते मी माझ्या अकरावीच्या मुलांना असे सांगते: जळत्या गवताकडून पुढच्या गवताला दर मिनिटाला जेवढी उष्णता मिळते, तिला पुढचे गवत पेटायला जेवढी उष्णता लागते तिने भागा. भागाकार म्हणजे आगीचा वेग. वारा आणि चढ वरची संख्या वाढवतात, कारण ज्वाळा पुढे झुकते आणि समोरच्या गवताला शेकते. ओलावा खालची संख्या वाढवतो, कारण आधी पाणी उडवावे लागते, मग गवत पेटते.

समीकरण सगळीकडे तेच. त्यात घालायचे आकडे मात्र गवतागवताचे वेगळे: एका चौरस मीटरवर किती ग्रॅम वाळके गवत आहे, ते किती उंच आणि किती दाट आहे, पाते किती बारीक आहे, किती ओलाव्याच्या पुढे ते पेटतच नाही. अमेरिकेत यासाठी आधी तेरा आणि पुढे २००५ मध्ये चाळीस इंधनप्रकार ठरवले गेले आणि सगळ्या देशाचा तीस मीटर चौकटींचा इंधननकाशा तयार झाला. त्या जुन्या तेरांतले दोनच पाहा. पहिला प्रकार फूटभर उंचीच्या गवताचा, तिसरा अडीच फुटांच्या गवताचा. वारा ज्वाळेच्या उंचीवर ताशी आठ किलोमीटर आणि वाळक्या गवतात आठ टक्के ओलावा धरला, तर पहिल्यात आग ताशी दीड किलोमीटरच्या आसपास जाते, तिसऱ्यात दोन किलोमीटरच्या. वेगात फरक एक तृतीयांशाचा. पण ज्वाळेची लांबी पहिल्यात चार फूट, तिसऱ्यात बारा फूट.

चार फूट ही वणवा विझवणाऱ्या माणसाची हद्द आहे. तिथपर्यंत हातातल्या साधनांनी आगीच्या तोंडाशी उभे राहता येते. त्यापुढे डहाळीने झोडपणे म्हणजे जिवाशी खेळणे. दोन गवतांत फरक फक्त दीड फुटाचा, आणि एकात माणूस पाठवता येतो, दुसऱ्यात येत नाही. मी माझ्या डोंगराला पहिल्या प्रकारचे आकडे दिले होते, कारण नावात "गवत" होते. आमच्या नाळेतली कुसळी कमरेपर्यंत होती.

चढाचा हिशोब तर त्याहून सोपा आणि त्याहून भयंकर. ऑस्ट्रेलियात वणव्यांचे अभ्यासक मॅकआर्थर यांनी घालून दिलेला ठोकताळा आहे की दर दहा अंश चढाला आगीचा वेग दुप्पट होतो. सपाटीवर ताशी अर्धा किलोमीटर जाणारी आग तीस अंशांच्या उतारावर ताशी चार किलोमीटरने चढते. आमच्याकडे तीस अंशांचे गवताळ उतार जागोजागी आहेत. अशा उतारावर ताशी चार किलोमीटरने चढणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि मी डोंगरात वाढले आहे.

मग अमेरिकेचे आकडे उचलून चालतील का? मला वाटते नाही, आणि त्याला ठोस कारण आहे. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या प्रांतातल्या ॲनाबुरू इथे शास्त्रज्ञ चेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या माळावर १२१ आगी लावून मोजल्या. त्यांना आढळले की वाळक्या गवतात आगीचा वेग गवताच्या वजनावर फारसा अवलंबून नसतो. वारा, ओलावा आणि आगीच्या तोंडाची रुंदी यांनी तो ठरतो. रॉथरमेल यांच्या समीकरणात मात्र वजनाला जागा आहे. जास्त गवत म्हणजे जास्त वेगाची आग का, या शेतकऱ्यालाही पडणाऱ्या प्रश्नावर जगातली दोन मोठी घराणी एकमत नाहीत. आपल्या कुसळीत, मारवेलमध्ये, पवन्यात काय घडते याचे उत्तर मिझुलात मिळणार नाही आणि ॲनाबुरूतही नाही. ते आपल्या माळावरच मोजावे लागेल.

आणि त्यासाठी वेगळी आग लावायची गरज नाही, ती तुम्ही दर वर्षी लावताच. सगळी परवानगी घेऊन, माणसे उभी करून, दोन्ही कडांना पाणी आणि डहाळ्या तयार ठेवून, किलोमीटरच्या किलोमीटर. इतर देशांत शास्त्रज्ञांना अशा एका प्रयोगासाठी वर्षानुवर्षे तयारी करावी लागते. आपल्याकडे तो प्रयोग प्रत्येक परिक्षेत्रात दर हिवाळ्यात होतो आणि त्याची नोंद न होता राख वाऱ्यावर जाते.

काय नोंदवायचे ते सांगते. पेटवण्याआधी एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून तिच्यातले गवत विळ्याने जमिनीलगत कापावे, उंची मोजावी, तिथेच वजन करावे. त्यातले मूठभर घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवावे. ते नंतर जवळच्या महाविद्यालयाच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चोवीस तास वाळवून पुन्हा वजन केले की ओलावा कळतो. घटलेले वजन भागिले वाळलेले वजन, बस. मग पट्ट्यात दहा-दहा मीटरवर काठ्या रोवाव्यात आणि आगीचे तोंड प्रत्येक काठीशी कधी पोचले ते लिहावे. वारा छातीच्या उंचीवर मिनिटभर मोजावा, कोणत्या दिशेचा तेही लिहावे. चढ किती, ते मोबाइलवर कळते. सगळे मिळून एका पट्ट्याला एक पान पुरेल.

यात दोन अडचणी आहेत, त्या लपवून उपयोग नाही. जाळपट्टा अरुंद असतो. चेनींच्या प्रयोगांचा सर्वांत महत्त्वाचा धडा असा की गवतातल्या आगीला तिचा पूर्ण वेग गाठायला रुंद तोंड लागते, साध्या वाऱ्यातही शंभर मीटरच्या आसपास, आणि वारा वाढेल तसे आणखी. पाच मीटरच्या पट्ट्यात मोजलेला वेग हा खऱ्या वणव्याचा वेग नव्हे, त्याहून बराच कमी असतो. म्हणजे हा आकडा जसाच्या तसा वापरला तर माणसे मरतील. त्याला वाढवून घ्यावे लागेल, आणि किती वाढवायचे याचे गणित प्रसिद्ध आहे. दुसरी अडचण ओलाव्याची. जाळपट्टे थंडीत, बहुधा सकाळी किंवा सांजेला घेतले जातात, तेव्हा दवाने गवत सादळलेले असते. वणवा येतो मार्च-एप्रिलच्या दुपारी, जेव्हा तेच गवत कडकडीत होऊन ओलावा पाच टक्क्यांच्याही खाली जाऊ शकतो. गवतासारखे बारीक इंधन तासाभरात हवेशी जुळवून घेते, म्हणून सकाळचा आकडा दुपारी चालत नाही. पण डिसेंबरपासून मेपर्यंत दर पंधरवड्याला, दिवसातून दोनदा, नुसते मूठभर गवत कापून तोलले तरी ही दरी भरून निघते. त्यासाठी काही पेटवावे लागत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगते. मोजमापासाठी जाळपट्ट्याची वेळ बदलू नका, जास्त वाऱ्यात पेटवू नका. वाऱ्याविरुद्ध सावकाश सरकणाऱ्या आगीचा वेगही मॉडेलला हवाच असतो. वणवा वाऱ्यात लांबट अंड्याच्या आकाराने पसरतो. त्याला पुढे तोंड असते, दोन बगला असतात आणि मागे पाठ. पाठीचा वेग कळला नाही तर अंडे पुरे होत नाही. १९९८ मध्ये मार्क फिनी यांनी प्रसिद्ध केलेले 'फारसाइट' हे वणव्याचे मॉडेल असेच चालते. आगीच्या कडेवरच्या प्रत्येक बिंदूतून असे एकेक छोटे अंडे काढायचे आणि सगळ्यांना मिळून बाहेरून जी रेघ वेढते ती पुढच्या घटकेची कड. ही कल्पना मूळची प्रकाशाच्या लाटांसाठी डच शास्त्रज्ञ हॉयगेन्स यांनी सतराव्या शतकात मांडलेली.

उपग्रह आहेत ना, असा प्रश्न मला एका बैठकीत विचारला गेला. आहेत, आणि भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून त्यांच्या आधारे आगीच्या सूचना पाठवते याचा मला आदर वाटतो. पण सूचना वेगळी आणि अंदाज वेगळा. त्या सूचनांमागच्या व्हीआयआरएस या उपकरणाची चौकट ३७५ मीटरची, म्हणजे चौदा हेक्टरची. ते आपल्या माथ्यावरून दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या आसपास जाते. आमचा वणवा तीनला भडकला आणि अंधार पडेपर्यंत विझला होता. दोन फेऱ्यांच्या मधे सगळे घडून गेले. तसेच अलीकडे "वणवाप्रवण क्षेत्राचे नकाशे" बरेच निघतात, कृत्रिम बुद्धिमत्ता वापरूनही. आग कुठे लागण्याचा संभव जास्त हे ते सांगतात. लागलेली आग पुढच्या तासात कोणत्या वाडीकडे वळेल हे ते सांगत नाहीत, तो त्यांचा प्रश्नच नाही. उपग्रहांचा खरा उपयोग मला पडताळ्यासाठी दिसतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे दर पाच दिवसांनी फुकट मिळतात, त्यांत जळलेल्या उताराची कड वीस मीटरच्या बारकाईने दिसते. संगणकाने काढलेली कड आणि खरी कड एकमेकींवर ठेवल्या की मॉडेल किती खरे बोलते ते कळते. त्यासाठी वणव्याच्या पंचनाम्यात किती हेक्टर जळाले यासोबत तीन क्षणांच्या वेळा लिहिल्या जाव्यात: धूर प्रथम कधी दिसला, आगीचे तोंड एखाद्या ओळखीच्या जागी, पाणवठ्याशी, खिंडीशी, मंदिराशी, कधी आले, आणि आग कधी विझली.

या वेळा सांगणारी माणसे गावातली असतात. गुराखी, धनगर, गवताला गेलेल्या बाया. त्यांच्याकडून वेळ मिळवायची असेल तर वेळेची नोंद आणि गुन्ह्याचा तपास यांची फारकत करावी लागेल. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली राखीव वनाला आग लावणे हा गुन्हा आहे आणि तो असावा. पण ज्याने पहिला धूर पाहिला त्यालाच पहिल्यांदा बोलावून घेतले जाते अशी भीती गावात असली, तर धूर कोणालाच दिसणार नाही. मी गावची आहे, मला ही भीती घरातून ठाऊक आहे. डोंगर जाळल्याने पुढच्या पावसात गवत चांगले येते असे मानणारे लोकही माझ्याच भावकीत आहेत. त्यांच्याशी बोलताना त्यांच्याच उताराचे संगणकावरचे चित्र समोर ठेवले, बांधावर लावलेली काडी दोन तासांत कोणाच्या गंजीपर्यंत जाते ते दाखवले, की बोलणे वेगळ्या सुरात होते. हे मी करून पाहिले आहे.

गवताचा नकाशा एकदा करून संपणारा नाही हेही ध्यानात घ्यावे. कारवी घ्या. सात-आठ वर्षांनी ती एकदम फुलते, लोक पाहायला येतात, फोटो काढतात आणि जातात. त्यानंतर ती सगळीच्या सगळी मरते. जो उतार गेल्या वर्षी हिरवा, ओला, आगीला अडवणारा होता तो पुढच्या उन्हाळ्यात वाळक्या काटक्यांचे कोठार होतो. रानमोडी आणि घाणेरी जिथे शिरली तिथेही तसेच, दर वर्षी वेगळे. पडीक पडलेल्या दळ्यांवर, म्हणजे डोंगरउतारावरच्या शेताच्या तुकड्यांवर, गवत वाढते तेही नकाशात यायला हवे. विदर्भातल्या सागाच्या पानगळीचा, मोहाखाली जाळलेल्या पाचोळ्याचा हिशोब आणखी निराळा, तो तिथल्या माणसांनी मांडावा. मी माझ्या ओळखीच्या डोंगरापुरते बोलते आहे.

एवढे सगळे मोजूनही मॉडेल चुकेल. म्हणून त्याच्याकडून एक रेघ मागू नये. वारा थोडा इकडे, थोडा तिकडे, ओलावा थोडा कमी-जास्त धरून तीच आग हजार वेळा चालवावी आणि कोणती वाडी त्यातल्या किती वेळा सापडते ते पाहावे. हजारातून दोनशे वेळा सापडणारी वाडीसुद्धा रिकामी करण्याच्या तयारीत ठेवावी, असे माझे मत आहे. आणि मॉडेल म्हणते म्हणून कोणालाही आगीच्या वरच्या अंगाला चढवू नये, कधीच नाही.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी वणव्यांनी १७३ माणसे गेली. पुढच्या चौकशीत समोर आले की आग कुठे जाईल याचा नकाशा तज्ज्ञांनी त्या दुपारीच काढला होता, पण तो ज्या गावांना हवा होता त्यांच्यापर्यंत वेळेत गेला नाही. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. संगणकातून उत्तर बाहेर आल्यावर पहिला फोन कोणी कोणाला करायचा, पोलीस पाटलांना, सरपंचांना की सरळ वाडीतल्या एखाद्या घरी, हे आज, आग नसताना ठरायला हवे.

आपल्या अगदी जवळची आठवणही द्यायला हवी. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या गवताळ उतारावर ट्रेकला गेलेली माणसे वणव्यात अडकली, वीसहून जास्त जीव गेले. तो डोंगरही आपल्याच पश्चिम घाटाचा. मार्चमधल्या कोणत्याही रविवारी आमच्या भागातल्या गडांवर, सुळक्यांवर किती तरुण मुले असतात ते तुम्ही जाणता. ज्या नाळेने ती चढतात तिलाच वणवा धुराडे करतो. पायथ्याच्या फलकावर एवढे लिहिता आले की "आज दुपारी एक ते पाच ही वाट आगीच्या दृष्टीने धोक्याची," तर किती बरे होईल. ते लिहायला गवताचा ओलावा, खिंडीतला वारा आणि उताराचा अंश, एवढेच लागते. कडे मी रेखून ठेवले आहेत, ते नकाशे मागाल तेव्हा देईन.

माझ्या वर्गातली सहा मुले-मुली तराजू आणि डबे घेऊन यायला तयार आहेत, पालकांची परवानगीही घेतली आहे. ती पट्ट्यापासून दूर, तुम्ही सांगाल तिथे उभी राहतील आणि फक्त वेळा लिहितील. वारामापक मी माझ्या पैशाने घेतला आहे. तात्यांना विचारले, ते म्हणाले, "खिंडीतला वारा कुठं धरायचा ती जागा मी दावतो." जावळीकडचे जाळपट्टे कोणत्या दिवशी सुरू होणार ती तारीख आठवडाभर आधी कळवावी, म्हणजे मुलांच्या तासिका मागे-पुढे करता येतील.

कळावे,
आपली विश्वासू,
जावळी खोऱ्यातली एक गणिताची शिक्षिका